चौकटीबाहेर राहिलेला हात

ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी केलेल्या व्हिडिओत आवाज कोणत्या भाषेचा असावा, यावर आमच्या संस्थेच्या कमिटीनं दोन तास वाद घातला. मी त्या बैठकीत बसले होते. दोनदा चहा प्याले. आणि जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोलले नाही. त्याचा राग मला अजून येतो, कमिटीचा येतो तसाच स्वतःचाही.

मी बीदरच्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते. राहते नौबादला. शाळा निवासी आहे, त्यामुळे मुलं लांबलांबून येतात. औरादकडची मराठी घरातली, हुमनाबादकडची कन्नड घरातली, शहरातली दखनी उर्दू बोलणाऱ्या घरातली, एखाददुसरं तेलुगू घरातलं. शाळेत आली की महिनाभरात सगळी एकाच भाषेत भांडायला लागतात, हातांच्या. या जिल्ह्यात भाषेवरून न भांडणारी माणसं मी तेवढीच पाहिली आहेत.

व्हिडिओची कल्पना माझी होती. शहरात मुलींसाठी शिवणकामाचं वर्षभराचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यात ऐकू न येणाऱ्या मुलींसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात आणि दरवर्षी त्या रिकाम्या राहतात. शाळा सोडून गावी गेलेल्या आमच्या मुलींपर्यंत बातमी पोचतच नाही. पोचली तर ती छापील पत्रकाच्या रूपात, आणि अशा पत्रकाची भाषा ऐकणाऱ्या माणसालाही दोनदा वाचावी लागते. म्हणून मी सुचवलं की तीन मिनिटांत खुणांनी सांगू या. कसला कोर्स, कोणते कागद आणायचे, किती तारखेला निवड आहे. व्हिडिओ संस्थेच्या वेबसाइटवर ठेवायचा आणि लिंक पालकांच्या फोनवर पाठवायची. दुसऱ्या कुणाच्या साइटवर नको, तिथं मध्येच जाहिराती लागतात, असं सचिव म्हणाले. ते मला पटलं होतं.

खुणा करायला आमच्या हस्तकलेच्या बाई होत्या. त्यांना स्वतःला ऐकू येत नाही. याच शाळेत शिकल्या, याच शाळेत शिकवतात. त्यांच्याइतक्या स्वच्छ खुणा करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. सांगायचं ते त्यांनी तीन मिनिटांत बसवलं होतं, एक हात इकडचा तिकडे होत नव्हता. सगळं तयार होतं. मग कमिटीची बैठक झाली.

"आवाज कन्नडमधी पायजे. राज्य कर्नाटकचं हाय," एक सभासद म्हणाले.

"आन् औरादच्या मान्सानं काय करायचं? तिकडं बाजारात उभं ऱ्हाऊन ऐका की एकदा. मराठीच चालतीय," दुसरे म्हणाले.

"शहरातली निम्मी लेकरं उर्दू घरातली हायत. त्यांचं काय?"

"मग तेलुगूनं काय पाप केलंय?"

"अण्णा," मी सचिवांना म्हणाले, "मुलांना ऐकू येत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारात मध्येच कुणी भाजीवाली ओरडावी तसं.

"ते खरं हाय मॅडम," सचिव म्हणाले. "पन आईबापाला ऐकू येतंय का न्हाई?"

आता यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. आईबापांना ऐकू येतं. पण आईबापांसाठी व्हिडिओच्या खाली, त्याच पानावर, तीन भाषांत चार-चार ओळी लिहिल्या असत्या तरी काम झालं असतं. हे मला बैठक संपून जिना उतरताना सुचलं. बैठकीत मी गप्प बसले. ठराव झाला की व्हिडिओ तीन होतील. चित्र तेच, आवाज कन्नड, मराठी आणि उर्दू. तेलुगूवाल्यांना पुढच्या वर्षीचं आश्वासन मिळालं.

ठराव कागदावर झाला की त्याची किंमत कुठूनतरी वसूल होते. आमच्या वेबसाइटवर त्या कामासाठी एकूण पन्नास एमबी जागा होती. वेबसाइट सांभाळणारा माणूस बसस्टँडजवळ फ्लेक्स छापतो, तेच त्याचं खरं काम. वाढदिवस, पुण्यतिथी, निवडणूक, दुकानाचं उद्घाटन, गावातले सगळे चेहरे त्याच्या संगणकातून जातात. त्यानं एकाच जागेत तीन व्हिडिओ बसवले. आवाज छान ठेवला, कारण ठराव आवाजाचा होता. चित्र लहान केलं. तरी मावेना, तेव्हा चित्रांची संख्याच कमी केली.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक सरकणारे फोटो. आमच्या कॅमेऱ्यानं सेकंदाला तीस घेतले होते. त्यानं त्यातले बारा ठेवले. बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओत बारा फोटोंनीही निभावतं, ओठ जरा अडखळतात एवढंच. पण हातांनी बोलणाऱ्या माणसाची बोटं दोन फोटोंच्या मध्ये कुठंतरी हरवतात. पंख्याची पाती फिरताना दिसतात तशी ती दिसायला लागतात.

आणि एवढ्यावर भागलं नाही. फ्लेक्सवाल्याला रिकामी जागा सहन होत नाही. व्हिडिओ त्यानं आडव्याचा उभा केला, कारण हल्ली सगळे फोन उभा धरतात. उभा करायचा म्हणजे दोन्ही बाजू कापायच्या. वर संस्थेचं नाव आलं, खाली कमिटीच्या सभासदांचे गोल फोटो, नमस्कार करणारे, अगदी चौकातल्या फ्लेक्ससारखे. त्यात आणखी भर म्हणजे, शूटिंगच्या वेळी मागच्या फुलाफुलांच्या पडद्यावर संस्थेचं चिन्ह दिसावं म्हणून बाईंना मधोमध न उभं करता एका अंगाला उभं केलं होतं. बाजू कापल्या तेव्हा चिन्ह मधोमध आलं. बाईंचा डावा हात गेला.

व्हिडिओ वेबसाइटवर चढला त्या दिवशी मी माझ्या फोनवर पाहिला. गोल फोटो बघून डोकं तापलं. फ्लेक्सवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "बघू की अक्का, पुढच्या येळंला." मला शाळा सुरू व्हायची गडबड होती, वसतिगृहात पाण्याचा घोळ होता. मी बघितलं आणि सोडून दिलं. सगळं समजत होतं की. मला कागद माहीत होते, कोर्स माहीत होता, तारीख माहीत होती. ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्यानं व्हिडिओ तपासू नये, हे आता मी शिकले आहे.

निवड आठ तारखेला होती. पाच तारखेला दुपारी बारा-साडेबाराला मी वर्गात होते. दारात एक माणूस उभा राहिला. पायात चिखल वाळलेला, खांद्यावर टॉवेल. मागे आमची जुनी विद्यार्थिनी. औरादजवळच्या गावातली. दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेली होती, हातात सुई दिली की मान वर न करणारी मुलगी. हा तिचा बाप. शाळेत असताना तो वर्षातून दोनदा यायचा, सुट्टीला न्यायला आणि सुट्टी संपल्यावर सोडायला, आणि दोन्ही वेळा घाईत असायचा.

"बाई, ह्ये काय चाललंय तुमचं?" तो दारातूनच म्हणाला. "पाच तारीख म्हून सांगितलाव. पेरणी सोडून दोन गाड्या बदलून आलाव आमी. तिथला शिपाई म्हनतोय, आठला या. आमी काय रोज यायचं का?"

"पाच कुणी सांगितली?"

"तुमच्या त्या व्हिडिओनं."

"त्यात बोलून सांगितलंय की, आठ म्हणून. तुम्ही ऐकलं नाही?"

"मी कामून ऐकू? तिच्यासाठी हाय म्हनलाव, म्हून फोन तिच्या हातात दिला. ती बघायली व्हती, मी बैलं सोडायलो व्हतो. आन् त्यातलं बोलनं बी कन्नडातलं."

तीन लिंक गेल्या होत्या. पहिली कन्नडची होती. माणूस पहिलीच उघडतो. आईबापांना ऐकू येतं म्हणून जो दोन तासांचा ठराव झाला होता, त्याचं हे एवढं झालं.

मुलीनं बापाच्या खिशातून फोन काढला. व्हिडिओ लावला, पुढे सरकवला आणि नेमक्या जागी थांबवला. माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि दुसऱ्या हातानं दाखवलं: पाच. बघा. मी खोटं सांगत नाही.

आमच्या शाळेत आकडे जुन्या पद्धतीनं दाखवतात. पाचपर्यंत एक हात. सहापासून दुसरा हात येतो. उजव्या हाताची पाच बोटं आणि बाजूला डाव्या हाताची एक, दोन, तीन. पुस्तकात हल्ली वेगळ्या खुणा आहेत, नव्या मुलांना आम्ही त्याही शिकवतो. पण गावी गेलेल्या मुलींच्या हातात बसलेले आकडे हेच आहेत, म्हणून बाईंनी मुद्दाम हेच वापरले होते. फोनवर बाईंचा उजवा हात दिसत होता, पाच बोटं ताठ. डावा चौकटीबाहेर होता. तिथं, जिथं तीन बोटं असायला हवी होती, तिथं फोनची काळी कड होती.

मी हस्तकलेच्या बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं. त्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी फोन परत दिला, आपला डावा हात माझ्या नाकासमोर आणला आणि खुणेनं विचारलं: हा कुठं गेला?

बापाला आमच्या हातवाऱ्यांत रस नव्हता. "आठला मला जमनार न्हाई बाई. आता पाऊस झालाय, जमीन वाट बघनार न्हाई. घरी मशीन हाय, तिच्यावरच शिवल ती. ऱ्हाऊ द्या आता."

"घरच्या मशीनवर ती काय शिवणार? गोधड्या?"

"गोधड्या काय वाईट हायत?"

मुलगी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. ओठांवरून तिला किती कळलं ते मला माहीत नाही. बापानं तिला दंडाला धरून वळवलं तेव्हा तिनं मान वळवून मला एकच खूण केली. दोन्ही हातांनी. पाच, तीन. प्रश्नार्थक भुवया.

मी मान हलवली. हो, आठ.

ते गेले आणि मी हस्तकलेच्या बाईंना घेऊन तशीच फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानात कुणातरी भावी नगरसेवकाचा वाढदिवस छापून निघत होता, रंगाचा वास सुटला होता.

"अक्का, आडवा व्हिडिओ आजकाल कोन बघतंय?" तो म्हणाला. "लोकाला फोन वळवायचा बी कंटाळा हाय."

"ज्याला वाचायचं आहे तो वळवेल. तुझ्या दुकानाची पाटी उभी बसावी म्हणून तू तिची दोन्ही टोकं कापशील का?"

"पन कमिटीनं फोटो सांगितलेते."

हस्तकलेच्या बाईंना हे काही ऐकू आलं नाही, पण त्याच्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी काउंटरवरचा फ्लेक्सचा एक कापलेला तुकडा उचलला, पुढे जाऊन सरळ त्याच्या तोंडासमोर धरला, आणि दुसऱ्या हातानं त्याला खूण केली: बोल.

तो तुकड्याच्या मागून बोलला. बाईंनी मान हलवली. मग त्यांनी खुणा केल्या आणि मी सांगितलं, "त्या म्हणतात, तू काय बोललास ते दिसलं नाही."

तो हसला. मग हसू थांबलं. छपाईचं यंत्र त्यानं बंद केलं आणि खुर्ची पुढे ओढली. "काय करायचं सांगा अक्का," म्हणाला. "पन आधी सचिवांना फोन लावा. माझं गिऱ्हाइक तुटंल."

सचिव कलबुर्गीला लग्नात होते. मागे बँड वाजत होता, त्यामुळे मला ओरडावं लागलं आणि अख्ख्या दुकानानं ऐकलं.

"मॅडम, ठराव झालाय," ते म्हणाले.

"ठराव आवाजाचा झालाय, अण्णा. हात कापायचा ठराव कुणी केला नव्हता."

"हात कोन कापलाय?"

मी सांगितलं. पाच तारीख, आठ तारीख, दोन गाड्या, पेरणी. ते "हां, हां" करत राहिले. मला वाटलं, पोचलं. मग म्हणाले, "आमचे फोटो कुठं जातील मग?"

"पानाच्या डोक्यावर लावा, पायाशी लावा. हातांवर नकोत."

"आन् आवाज? आवाज तर ऱ्हाऊ द्या."

"तीन आवाज म्हणजे तीन व्हिडिओ. तीन व्हिडिओ म्हणजे बोटं दिसत नाहीत. एकच ठेवायचा, आणि बोलणं खाली लिहायचं. तुम्हाला हव्या तेवढ्या भाषांत लिहा. तेलुगूतही लिहा."

"बघा मग. तुमच्या जबाबदारीवर."

"हो," मी म्हणाले आणि फोन ठेवला. जबाबदारी हा शब्द आमच्या कमिटीत दुसऱ्याला द्यायची वस्तू आहे. मी बावीस वर्षांत ती पुष्कळदा घेतली आहे, जड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शूटिंग केलं. फुलाफुलांचा पडदा काढला. फ्लेक्सवाल्यानंच सांगितलं, मागे नक्षी असली की फाइलची जागा नक्षीच खाते, हातांना उरत नाही. मनात आलं, हे तुला पहिल्यांदा माहीत नव्हतं का? होतं. विचारलं कुणी नव्हतं, आणि स्वतःहून सांगायचं त्याच्यावर कुणाचं बंधन नव्हतं. शाळेच्या मागची राखाडी भिंत घेतली. बाईंनी साधी गडद साडी नेसली, बांगड्या काढून ठेवल्या, आणि मधोमध उभ्या राहिल्या. दोन्ही हात पसरले तरी बाजूला वीतभर जागा उरेल असा कॅमेरा मी मागे घेतला.

दुपारी तो तीन-चार प्रकार करून घेऊन आला. त्याला एका नव्या फॉरमॅटचं फार कौतुक होतं. "फाइल निम्मी होती अक्का, आन् चित्र काचंसारखं."

मी स्वयंपाकघरातून आमच्या स्वयंपाकीणबाईंचा फोन मागून आणला. जुना, काचेला दोन तडे गेलेला, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. गावाकडे आमच्या पालकांच्या हातात असेच फोन असतात. त्यावर त्याचा नवा फॉरमॅट लावला. काळी चौकट आली आणि तशीच राहिली.

"फोन जुना हाय," तो म्हणाला.

"माणसंही जुनी आहेत. त्यांना सोडून द्यायचं का?"

तेव्हा साधा एमपीफोर घ्यायचा ठरला, सगळीकडे चालणारा. त्याचे दोन नमुने होते. एकात चित्र मोठं, देखणं, पण सेकंदाला बारा फोटो. दुसऱ्यात चित्र लहान, जरासं मऊ दिसणारं, पण तीसच्या तीस फोटो. दोन्हींचं वजन सारखंच. त्याला पहिला आवडला. खरं सांगायचं तर मलाही पहिलाच आवडला. हस्तकलेच्या बाईंनी आम्हा दोघांना बाजूला केलं. त्यांनी वसतिगृहातल्या नऊ मुली ओळीनं बाहेर बसवल्या आणि एकेकीला आत बोलावलं. ज्यांना व्हिडिओबद्दल काही माहीत नव्हतं अशाच मुली घेतल्या. आधी मोठ्या चित्राचा दाखवायचा, मग लहानाचा, आणि प्रत्येक वेळी विचारायचं: कधी जायचं?

मोठ्या चित्रात कागदपत्रांची खूण चार जणींना कळलीच नाही. तारीख बऱ्याच जणींनी आठ सांगितली, पण दोघींनी सात, आणि एकीनं खांदे उडवले. लहान चित्रावर नऊच्या नऊ जणींनी पाच आणि तीन बोटं दाखवली. शेवटची सातएक वर्षांची होती. तिनं आठ दाखवले, आणि वर स्वयंपाकीणबाईंच्या फोनच्या काचेला तेल लागलंय, ते पुसा, असंही सांगितलं.

फ्लेक्सवाला बघत उभा होता. "ह्ये आधीच केलं असतं तर," तो म्हणाला. माझ्याही मनात तेच होतं.

फाइलमधला आवाज काढायला सांगितला तेव्हा मात्र तो अडला. "सगळाच? जरा म्युझिक तरी ठिवू की अक्का. लोक म्हनतील, व्हिडिओ बिघडलाय."

"म्हणू दे."

संध्याकाळच्या आत व्हिडिओ चढला. खाली चार भाषांत मजकूर, वर मोठ्या अक्षरांत तारीख. जुन्या तिन्ही लिंक मी माझ्यासमोर काढायला लावल्या. मग नवी लिंक सगळ्या पालकांना पाठवली आणि त्या मुलीच्या बापाला वेगळी पाठवली.

सात तारखेला सकाळी त्याचाच फोन आला.

"काय केलाव बाई तुमी? लेक कालपासून मला नुसते हात दाखवायलीय. जेवताना पाच आन् तीन. पानी भरताना पाच आन् तीन. माझ्या म्होरं कॅलेंडर आनून टेकवलंय."

"मग?"

"मग काय? पेरणी हाय."

"हे बघा," मी म्हणाले, "चूक तिची नव्हती. तुमचीही नव्हती. आमची होती. तिनं जे दिसलं ते बरोबर वाचलं."

"व्हय, ते तर हायच. मग तुमीच न्या येऊन."

तो टोमणा होता, मला कळत होतं. "येते," मी म्हणाले.

"खरंच?"

"पहिल्या गाडीनं. औरादच्या स्टँडवर आणून सोडा. तेवढं तर जमेल?"

आठ तारखेला सकाळी मी औरादच्या बसस्टँडवर उतरले. रजेचा अर्ज टाकला नव्हता, मुख्याध्यापकांना फोनवर सांगून निघाले होते. त्यांनी "कशाला मॅडम, एवढं?" असं विचारलं तेव्हा गाडी सुटली होती. बाप मोटरसायकलवर आला, मागे मुलगी, पुढे टाकीवर बियाण्याचं पोतं. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही.

"संध्याकाळच्या गाडीत बसवून द्या. कंडक्टरला सांगा," म्हणाला आणि वळला. मला ते बरं वाटलं. आभार वगैरे मानत बसला असता तर आमची गाडी चुकली असती.

केंद्रात मुलींना कापडाचा तुकडा दिला होता. कड मुडपायची, खिसा बसवायचा. मी खिडकीतून बघत होते. आमच्या मुलीनं मान वर केली नाही. आमच्या शाळेच्या आणखी चार मुली आल्या होत्या, त्यातल्या दोघी पाच तारीख हुकली म्हणून घरीच बसल्या होत्या आणि नव्या लिंकनंतर त्यांना आठ कळलं होतं. आणखी किती जणींनी पाच वाचलं, किती जणी येऊन शिपायाकडून परत गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत, ते मला कधीच कळणार नाही. कमिटीला तर तो प्रश्न पडलेलाच नाही.

साडेतीनला यादी लागली. तिचं नाव होतं, वरून चौथं. तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं, मग मला वाचायला लावलं.

संध्याकाळी बीदरच्या स्टँडवर औरादच्या गाडीची वाट बघत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. तिनं शेंगा घेतल्या होत्या. माझा फोन वाजला. सचिव होते. मला वाटलं, निवडीबद्दल विचारतायत.

"मॅडम, तुमच्यामुळं माझी पंचाईत झालीय," ते म्हणाले. "कलबुर्गीच्या आपल्या देणगीदारांनी व्हिडिओ बघितला. म्हनायलेत, आवाजच न्हाई. एवढी मोठी संस्था, आन् व्हिडिओला आवाज न्हाई म्हंजे कसं दिसतंय? उद्याच्या उद्या आवाज घाला."

मी काही बोलायच्या आत मुलीनं माझा दंड हलवला. माझ्या तोंडाकडे बघून तिला काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. तिनं विचारलं: कोण?

मी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हात मोकळे करून सांगितलं: एक मोठा माणूस. त्याची तक्रार आहे. म्हणतो, व्हिडिओ ऐकू येत नाही.

तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग ती हसली. आमच्या मुलींना आपलं हसू किती मोठं येतं ते कळत नाही. शेंगांची पुडी तिच्या हातातून सांडली, समोरच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या, एक कंडक्टर थांबला.

"मॅडम, कसला गोंधळ चाललाय तिथं?" सचिव फोनमधून विचारत होते.

"ज्यांच्यासाठी व्हिडिओ केला त्या आहेत, अण्णा. त्यांची काही तक्रार नाही. तुमची आहे, ती लेखी द्या."

लेखी तक्रार अजून आलेली नाही. पुढच्या वर्षीच्या व्हिडिओत तेलुगू आवाज घालायचं आश्वासन मात्र कमिटीच्या वहीत तसंच आहे. त्या बैठकीला मी जाणार आहे आणि चहा पिणार नाही. त्या संध्याकाळी औरादची गाडी लागली तेव्हा मी तिला पुढचं सीट धरून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, हिला ऐकू येत नाही, गाव आलं की हात करा, हिला दिसतं.